सव्वीस तारखेचा नाताळ

बाबा,

आज नातवाने दारावर कागदी चांदणी टांगली आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, "कोनत्या अध्यायात हाये हे?" केनवडला तुम्ही प्रचारक होतात. ख्रिस्ती घरं उणीपुरी चार, पण तुमचा दरारा चाळीस घरांचा. येशूचा जन्म खरा, पण तारीख शास्त्रात नाही, म्हणून नाताळ पाळायचा नाही, हा तुमचा नियम. रविवार तेवढा देवाचा, बाकीचं माणसांनी मागाहून जोडलेलं.

मला मात्र सण हवा होता. मी नऊ वर्षांची होते. दिवाळीत गल्लीतल्या पाच घरांतून आपल्याकडे फराळाची ताटं यायची. ती रिकामी कशी परत करायची, म्हणून आईने त्या वर्षी फळीवरच ठेवून दिली. डिसेंबरात शेजारची काकू हसत विचारून गेली, "काहून वो बाई, आमच्या ताटावर कोंबडी उबवाले बसवली का तुमी?" आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दुपारी चुलीपुढून ती तुम्हाला म्हणाली, "तारीख लिहली नाही, मान्य हाये. पन पंचवीसले जन्मला नाही, असं तरी कुठं लिहलं?" तुम्ही बराच विचार केलात आणि फक्त आपल्याच घरात सुचेल असा तोडगा काढलात. करंज्या कर, पण त्या वाटायच्या सव्वीसला. पंचवीस पाळली, असं कोणाला म्हणता येऊ नये. आई पदराआड हसली. मी कोपऱ्यात बसून रडले.

पंचवीसच्या सकाळी तुम्ही मुद्दाम जुना सदरा घालून अंगणात बाज विणताय. आणि गल्लीच येते. काकू, काका, त्यांच्या सुना, मागे बाकीची घरं, सगळे धुतलेल्या कपड्यांत. काका म्हणतात, "महाराज, तुमच्या देवाचा जन्म हाये म्हने आज. आमी आयकाले आलो." तुमच्या हातातली सुतळी तशीच राहते. परत पाठवावं तर शेजार दुखावतो, बसवावं तर नियम मोडतो. माझा जीव दाराआड टांगणीला लागलेला. मग तुम्ही सतरंजी अंथरता. "बसा."

लूकचा दुसरा अध्याय तुम्ही तोंडपाठ म्हटलात. गोष्टीत मेंढपाळ आले तसे काका म्हणाले, "थंडीत मेंढ्या राखत व्हते? मंग आपले धनगरच झाले की." तुम्ही खळखळून हसलात. तुम्हाला असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला तुमची फार माया आली. आईने सव्वीसच्या करंज्या त्याच दिवशी बाहेर काढल्या.

पुढे दर पंचवीसला अंगण भरू लागलं. उपासनेत तुम्ही साक्ष द्यायचात, "न बोलावता लोक आले. देवानंच धाडले." बोलताना तुमचे डोळे भरून यायचे आणि मी चपलांकडे बघत बसायची. खरं सांगितलं तर नाताळ पुन्हा सव्वीसला जाईल, ही धास्ती होती. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच आज लिहवतंय.

आदल्या दिवशी पाण्याच्या निमित्ताने मी पाचही घरी जाऊन आले होते. म्हणाले, "बाबानं उद्या बोलावलं हाये. पन तसं त्याह्यले म्हनू नोका, ते लाजतात."