पहिली फेरी पिवळी

३ मार्च
मानेमागच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. नऊ तारखेला. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. म्हणताना माझ्याकडे नाही, कॉम्प्युटरकडे बघत होते. काय ते समजलो.
घाबरलेलो नाही. फक्त घरात आपला एक चांगला फोटो असावा, म्हणून छोटा फोटो-प्रिंटर आणला. बायकोला सांगितलं, लेकीच्या प्रोजेक्टसाठी. लेक म्हणाली, कसला प्रोजेक्ट?

४ मार्च
फोनमधले सगळे फोटो पाहिले. मी एकाही फोटोत नाही. काढणारा मीच ना! एकात अंगठा आहे. माझाच. पण भिंतीवर लावण्यासारखा नाही.

५ मार्च
बायकोला फोटो काढायला सांगितलं. ती म्हणाली, हसा. हसलो. ती म्हणाली, अहो, हसा ना.

६ मार्च, सकाळ
प्रिंट सोडली. कागद आत गेला, बाहेर आला. मी पिवळाधमक! कावीळ! म्हणजे गाठ लिव्हरपर्यंत पोचली. कागद हिसकावला. प्रिंटर कर्रकन अडकला.

दुपार
लेक म्हणाली, बाबा, तो आधी पिवळा रंग छापतो, मग लाल, मग निळा, शेवटी चकाकी. कागद चार फेऱ्या मारतो.
मला माहीत होतं. मशीन तपासत होतो.
तरी आरशात डोळे बघून घेतले. दोनदा.

७ मार्च
चिमट्याने कागद काढला. पुन्हा प्रिंट. हात मागे बांधून उभा राहिलो. चारही फेऱ्या झाल्या. फोटो उत्तम. नजर मात्र कुत्रं मागे लागल्यासारखी. प्रकाशाचा दोष. कपाटात शर्टांखाली ठेवला. वेळ आली तर सापडेल.

८ मार्च
आजच सापडला. बायको फोटो घेऊन शेजारी बसली. म्हणाली, एवढं वाटत होतं तर बोलायचं ना. मी म्हणालो, मला कुठे काय वाटतंय? आवाज फाटला. घसा बसलाय. अशा घशाने ऑपरेशन करतात का, विचारायला हवं.
तिने बराच वेळ हात धरला होता. तिला भीती वाटत असणार. मी सोडवून घेतला नाही.

९ मार्च
वॉर्डात पोचलो. मन शांत. पेन नीट धरवत नाही. पेनच खराब.

११ मार्च
साधी चरबीची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं की. भूलसुद्धा मानेपुरतीच होती.
लेकीने वॉर्डात काढलेला माझा फोटो प्रिंट केलाय. सुई टोचताना मी डोळे घट्ट मिटून नर्सच्या दंडाला लोंबकळतोय. रंग अगदी अचूक. बायकोने तो फ्रिजवर लावला. म्हणाली, हा हुबेहूब तुमच्यासारखा आलाय.