फुटलेल्या ओपलची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा खड्यांना पैलू पाडणे व पॉलिश करणे, राहणार स्वतःच्या मालकीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवते. दडपण आणण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही; पण आणणाऱ्यांना मी ते लंगोटीत असल्यापासून ओळखते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हृदय ठिकाणावर नसल्याचेही त्यांनीच सांगितले आहे, त्याला दाखला लागत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या महिन्यात मात्र माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि त्याचा मुलगा, ज्याला घरात सगळे युवराज म्हणतात, मोजायची टेप घेऊन दुकानामागच्या आमच्या कामाच्या खोलीत आले. मी खडे घासायच्या चाकावर बसले होते. माझ्या पायावरून टेप नेत युवराज म्हणाला, "इथे गिऱ्हाइकांसाठी सोफा मस्त बसेल. दगड काय, हल्ली कापलेले तयार मिळतात."

मी मान वर केली तेव्हा तो म्हणाला, "तू आहेस तोवर काही नाही गं आत्या. नंतरचं म्हणतोय."

शेजारच्या चाकावर दादाची मुलगी होती, जिला आम्ही बारकी म्हणतो. तिशी उलटली तरी ती बारकीच. तिने विचारले, "मग माझं चाक कुठे ठेवायचं?"

दादा म्हणाला, "तू आता घरी आराम कर. तसाही तुझा खडा दुकानाला मानवत नाही."

त्या दिवशी संध्याकाळीच मी वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी बजावले की मृत्युपत्रात मोजके लिहावे. मी म्हटले, "साहेब, आयुष्यभर मोजकंच बोलले. घरात जिवंत बाईचं कोणी ऐकत नाही. मेलेल्या बाईचं कायद्याने ऐकावं लागतं. एवढी संधी घेऊ द्या." त्यांनी पेनाला टोपण लावले आणि हाताची घडी घातली. तेव्हा पुढील मजकूर सर्वस्वी माझा आहे.

कलम १. इमारत. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर दोन खोल्या. ही वडिलांनी माझ्या नावे केली होती. त्यांचे म्हणणे असे की, "ज्याला बोलता येतं तो कुठेही पोट भरेल. हिला नुसतं काम येतं, हिला छप्पर पाहिजे." दुकानातला माल दादाचा आहे, त्याला मी हात लावत नाही. भिंती, छप्पर आणि जमीन माझी आहे, आणि ती मी संपूर्णपणे बारकीला देते.

इथे दादा उठून उभा राहिला असेल. वकीलसाहेबांनी त्याला बसवावे, पाणी द्यावे आणि पुढे वाचावे.

कलम २. कारण. वकीलसाहेब म्हणतात, कारण देणे बंधनकारक नाही. मला आहे.

आमच्या दुकानात जन्ममहिन्याप्रमाणे खडे विकले जातात. प्रत्येक खड्याबरोबर एक छोटे कार्ड मिळते. जानेवारीचा गार्नेट प्रवासात सांभाळतो, मेचा पाचू जोडीदाराची निष्ठा दाखवतो, नोव्हेंबरचा पुष्कराज राग शांत करतो, वगैरे. पुष्कराज घेऊन गेलेले एक गृहस्थ खडा सैल झाला म्हणून परत आले आणि त्यांनी काउंटरची काच फोडली. कार्ड मात्र आहे तसेच आहे.

ऑक्टोबरचा खडा ओपल. बारकीच्या जन्माच्या आठवड्यात एक बाई आईची ओपलची अंगठी सैल करून घ्यायला आल्या. अंगठी कापायची, मध्ये तुकडा घालायचा आणि आच देऊन सांधा जोडायचा, एवढेच काम. फक्त आच द्यायच्या आधी खडा कोंदणातून काढून ठेवायचा असतो. ओपलच्या पोटात पाणी असते, त्याला आच सोसत नाही. दादाला घाई होती. त्याने खड्यासकट अंगठी फुंकणीच्या ज्योतीखाली धरली. टच्च आवाज आला आणि खड्याचे दोन तुकडे झाले.

मी म्हटले, "दादा, खडा काढायचा होतास."

"तू गप्प बस," असे म्हणून तो पुढे गेला आणि चेहरा लांब करून बाईंना म्हणाला, "ताई, तुमच्यावर मोठं संकट येणार होतं. ते खड्याने अंगावर घेतलं. ओपल फार कडक खडा, सगळ्यांना लाभत नाही." बाई रडल्या, त्याचे आभार मानले आणि जाताना पुष्कराज घेऊन गेल्या. वडील म्हणत ते खरे, बोलता येणारा कुठेही पोट भरतो.

चार दिवसांनी वहिनी बाळंत झाली आणि मुलगी ऑक्टोबरची निघाली. एव्हाना ओपलची ती गोष्ट दादाने इतक्या गिऱ्हाइकांना सांगितली होती की ती त्याच्या स्वतःच्याच गळी उतरली होती. पुढे पाण्याची टाकी गळली, दुकानाची पाटी पडली, दादाचा दात किडला, सगळे त्या पोरीच्या खात्यावर गेले. सकाळी पहिले गिऱ्हाईक होईपर्यंत तिने काउंटरला हात लावायचा नाही असा नियम झाला. सहा-सात वर्षांची असताना ती मागच्या खोलीत येऊन मला म्हणाली, "आत्या, मग मी कशाला हात लावू?"

मी तिला चाकाजवळ बसवले आणि म्हटले, "याला लाव."

थोड्या वेळाने तिने विचारले, "तुझा खडा कोणता?"

"मोती."

"त्याने काय होतं?"

"कार्डावर लिहिलंय, मोती म्हणजे अश्रू."

"मग तू रडतेस?"

"कांदा चिरताना," मी म्हटले. ती खूप हसली. दादाने पुढून ओरडून विचारले, काय चाललंय. काही नाही, एक कारागीर तयार होत होती. आज दुकानात जो कोणता खडा पाहून लोक थांबतात, तो बहुतेक तिने घासलेला आणि तिने बसवलेला असतो. या शहाण्या घराला अजून तो योगायोग वाटतो.

कलम ३. माझी पिरोजाची अंगठी वहिनीला. मी आजारी पडल्यावर दादाने ती माझ्या बोटात घातली, कारण घालणाऱ्याची तब्येत ढासळली की पिरोजा फिका पडतो म्हणे. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी वर येते, माझ्या तोंडाकडे न बघता बोटाकडे बघते आणि खाली जाऊन हळू आवाजात अहवाल देते. पिरोजा फिका पडला आहे हे खरे. साबणाने पडतो, तेलाने पडतो. भांडी मीच घासते. वहिनीने अंगठी घालून आठ दिवस भांडी घासावीत आणि मग स्वतःच्या तब्येतीचा अंदाज घ्यावा.

कलम ४. ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा खडा, जडवलेल्या दोन अंगठ्या युवराजला. एक ॲमेथिस्ट त्याच्याकडे आहेच. हा खडा नशेपासून राखतो असे कार्डावर छापले आहे. खडा बोटात असतो आणि दारू पोटात जाते, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. आणखी दोन दिल्याने कुठेतरी पडेल.

सोफा घ्यायचा असल्यास त्याने स्वतःच्या खोलीत घ्यावा.

कलम ५. समोरच्या घड्याळजींना माझ्याकडची माणकांची डबी द्यावी असे मनात होते. जुन्या घड्याळांत चाकांची टोके ज्या बारीक खड्यांत फिरतात ते माणकाचे असतात. इतक्या वर्षांत खरोखर काही काम करताना मी पाहिलेले जन्मरत्न हे एवढेच.

घड्याळजींनी एके काळी मला मागणी घातली होती. दादाने जन्मरत्नांचा तक्ता काढला. त्यांचे माणिक, माझा मोती. माणिक म्हणजे आग, मोती म्हणजे पाणी, संसार विझणार, असे त्याने सांगितले आणि विषय संपला. घड्याळजींनी पुढे लग्न केले नाही. त्यावर दादा म्हणतो, "बघ, त्यांच्या नशिबातच नव्हतं." मला ते आवडत होते. हे आजवर कुठे लिहिले नव्हते, म्हणून इथे लिहिले.

वकीलसाहेबांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. मी रस्ता ओलांडून गेले आणि विचारले, "डबी घेता की सही करता?"

त्यांनी डोळ्यावरचे भिंग काढले. "माणकं माझ्याकडे आहेत. सही करतो," म्हणाले.

एका कागदावर आम्हा दोघांच्या सह्या व्हायला बराच उशीर झाला, पण झाल्या. डबी बारकीने ठेवावी.

कलम ६. दोन्ही चाके, चिमटे, तराजू आणि वडिलांचे भिंग बारकीला. बँकेत जे काही आहे तेही तिलाच. त्यातून आधी गळकी टाकी बदलावी, म्हणजे त्या आरोपातून तिची सुटका होईल. भिंगाची दांडी सैल आहे. ते डाव्या हातात धरायचे, तिला माहीत आहे.

कलम ७. दादा. तो हयात आहे तोवर त्याने पुढच्या दुकानात बसावे, त्याच्याकडून भाडे घेऊ नये. मात्र काउंटरमागची खुर्ची बारकीची, त्याच्यासाठी स्टूल आहे. सकाळचे पहिले गिऱ्हाईक बारकी करील. ओपलच्या कार्डावर सध्याचा मजकूर खोडून "याला आच लावू नये" एवढेच छापावे. या अटी मोडल्यास स्टूलही काढून घ्यावे. याशिवाय ज्या फुंकणीने त्याने तो ओपल फोडला ती फुंकणी मी त्याला देते. त्याने ती नजरेसमोर टांगावी.

दादावर माझा राग आहे, तसा जीवही आहे. लहानपणी चाकावर माझे बोट कापले, वडिलांनी चाकाला हात लावायचा नाही असे बजावलेले असताना. दादाने फडके बांधले आणि वडिलांना सांगितले की त्याच्याच धक्क्याने कापले. मार त्याने खाल्ला. खोटे तो तेव्हापासूनच उत्तम बोलतो, आणि एकदा ते माझ्या उपयोगी पडले आहे. म्हणून स्टूल.

कलम ८. कानातली. आता वकीलसाहेबांनी वाचन थांबवावे आणि सगळ्यांनी बारकीच्या कानांकडे बघावे. ती पांढरट, निळसर झाक असलेली कानातली ती रोज घालते, त्यामुळे आजही घातली असतील.

बघून झाले असल्यास पुढे.

ती मी तिला तिच्या विसाव्या वाढदिवसाला दिली. दादाने लांबून पाहिले आणि म्हणाला, "मूनस्टोन वाटतं. वा, फार शुभ." मी काही बोलले नाही, मला गप्प बसायला त्यानेच शिकवले आहे. त्या आठवड्यात त्याला मोठे गिऱ्हाईक मिळाले. तेव्हापासून दरवर्षी नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो दुकान उघडण्याआधी बारकीकडून ती कानातली मागून घेतो, गल्ल्यात ठेवतो, हात जोडतो आणि मगच दार उघडतो. आणि तिला सांगतो, "तू मागेच थांब. पहिलं गिऱ्हाईक होऊ दे."

दादा, ते मूनस्टोन नाहीत. तुला खडा विकता येतो, ओळखता येत नाही. तो ओपल आहे. बारकीने पहिल्याच दिवशी भिंग लावून पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. मी विचारले, "बाबांना सांगणार आहेस?" ती म्हणाली, "त्यांनी विचारलं तर." तू अजून विचारलेले नाहीस.

कोणता ओपल, हे मात्र तिलाही आज कळते आहे. त्या बाई पुष्कराज घेऊन गेल्यावर तू दोन्ही तुकडे केरात टाकलेस. मी ते उचलले, फुटलेल्या कडा घासल्या आणि पोरगी मोठी होईपर्यंत कापसात ठेवले. ज्या खड्याने तुझ्या घरावर अवकळा आणली म्हणतोस, तो इतकी वर्षे तुझ्या गल्ल्यात बसून तुझे दुकान उघडतो आहे. तुझी मुलगीही तेच करते आहे, मागच्या खोलीत बसून.

ही कानातली आधीच तिची आहेत, तेव्हा या कलमान्वये द्यायला काही उरत नाही. फक्त सांगायचे आहे. बारके, तुझ्यात अशुभ असे काही कधीच नव्हते. तुझ्या बापाने आच द्यायच्या आधी खडा काढला नाही, एवढेच झाले. जा, पुढे जाऊन बस.

हे मृत्युपत्र मी वाचले आणि वकीलसाहेबांकडून वाचून घेतले. त्यांनी चार वाक्ये खोडली होती, ती मी परत लिहिली. अंमलबजावणी त्यांनीच करावी; आवाज मोठा आहे.

सही: बारकीची आत्या

आम्हा दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही केली.
साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. (पेशंटची नाडी सही करताना नेहमीपेक्षा बरी होती.)
साक्षीदार दुसरे: समोरचे घड्याळजी.

ठिकाण: दुकानामागची कामाची खोली, दोन्ही चाके जागेवर.
दिनांक: ऑक्टोबरची एकोणीस, बारकीचा वाढदिवस. शुभ दिवस.