साहेबांच्या खुर्चीची चीर

सप्तापूर, धारवाड
ता. ४ ऑगस्ट १९३१

तीर्थरूप भीमसेनअण्णांस जयलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल असं लिहायला हात धजत नाही. ह्यांच्या कचेरीतले साहेब रजेवर गेले. बंगल्याचं छत गळतं म्हणून आपली कातडी खुर्ची आमच्या सोप्यात ठेवून गेले. त्यांच्या वडिलांची ती, जिवापाड जपतात. पावसानं तिच्यावर पांढरी बुरशी धरली. मी शहाणी! सोड्याच्या कढत पाण्यानं घासली, आणि लवकर वाळावी म्हणून जवळ शेगडी ठेवली. कातडं कडक झालं, बैठकीला वीतभर चीर गेली.

साहेब शनिवारी येतात. हेडक्लार्कच्या जागेची शिफारस त्यांच्याच हातात. हे शुक्रवार संध्याकाळपर्यंत फिरतीवर, त्यांना काहीच ठाऊक नाही. तुमच्या कमरीपेठेत खोगिरं शिवणारं कुणी आहे का? लवकर कळवा.

वेड्या बहिणीवरची माया आटू देऊ नका.

जयलक्ष्मी

कमरीपेठ, हुबळी
ता. ५ ऑगस्ट

चि. सौ. जयलक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझा रुमाल उकळून तू त्याची लंगोटी केली होतीस, तेव्हा नवल वाटलं नाही. पण हसलोही नाही. लगेच नागोजीकडे गेलो. तो खोगिरं शिवतो. ऐकून कपाळाला हात लावून म्हणाला, नीरु ब्याड, बेंकी ब्याड. पाणी नको, आग नको. बुरशी कोरड्या फडक्यानं पुसायची, मग मेण घातलेलं कोमट एरंडेल तळहातानं जिरवायचं. मात्र चिरेला आतून ठिगळ हवं, ते त्यालाच करावं लागेल. शुक्रवारी सकाळी त्याला पाठवतो. तुझे सासरे त्याला उंबऱ्याच्या आत घेतील का, ते तू बघ.

काय होईल ते कळव. जीव टांगणीला आहे.

भीमसेन

सप्तापूर
ता. १० ऑगस्ट

तीर्थरूप अण्णांस सा. न. वि. वि.

नागोजी आला तेव्हा धो धो पाऊस. खुर्ची अंगणात काढणं शक्य नव्हतं. मामंजी म्हणाले, तो आत आला तर मी बाहेर. मी म्हटलं, कातडं तीन आठवडे सोप्यात चाललं, ते शिवणारा का चालत नाही? मामंजी छत्री घेऊन मठात गेले. नागोजी भिजत उभा. दोनदा बोलावलं तेव्हा आत आला. त्यानं ठिगळ शिवलं. तेल आम्ही दोघांनी मिळून जिरवलं, दुपार टळेपर्यंत. कातडं मऊ झालं, चीर मात्र दिसायची ती दिसतेच.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. जेवले नाहीत. शनिवारी ह्यांनी साहेबांना स्वतःच जाऊन सांगितलं, मीही चिठ्ठी लिहून माफी मागितली. साहेब म्हणाले, घरातली खुर्ची सांभाळता येत नाही, तो कचेरी काय सांभाळणार? जागा गेली, अण्णा.

काल मठातून मामंजींचा निरोप आला, सुनेनं प्रायश्चित्त घ्यावं, मग येतो. मी ह्यांना म्हटलं, खुर्ची माझ्या चुकीनं बिघडली, त्याची माफी मागितली. नागोजीला घरात घेतलं, त्याची मागणार नाही. हे उठले आणि हाच निरोप एक शब्द न बदलता मठात सांगून आले.

आज दुपारी मामंजी आपणहून आले. पाटावर बसले, माझ्याकडे न बघता म्हणाले, वाढ. मी वाढलं. त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

नागोजीला माझा नमस्कार सांगा. आशीर्वाद असाच पाठीशी ठेवा.

तुमची
जयलक्ष्मी