पगाराच्या दिवशीची भाकरी

प्रिय आई,

आज पगार झाला आणि भाकऱ्या पुन्हा माझ्याच वाट्याला आल्या. तव्याने हात पोळला, तेव्हा तुमची फार आठवण झाली, म्हणून लिहायला बसले.

जिचा पगार जास्त, तिने त्या दिवशी भाकऱ्या थापायच्या, म्हणजे डोक्यात हवा जात नाही, हा तुमचाच नियम ना? आम्ही दोघी सुना, मी आणि मंदाताई, टेमघरच्या एकाच मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचो तेव्हा त्यात मजा होती. कधी ती पुढे, कधी मी. तुम्ही पाटावर बसून हसायचात.

तुम्ही गेलात आणि शेठने परदेशी माग आणले. त्यांना आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटाच नाही, मग धोट्यात घालायला सुताची कांडी कशाला लागते? ते कापड बोटीने बाहेरदेशी जातं. डाग निघाला तर अख्खा तागा परत! म्हणून तपासायला बायका हव्या होत्या. मी दहावी झालेली, मला घेतलं, पगारही बरा वाढवला. जुने माग थोडेच उरलेत आणि बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडापुढे त्यांच्या मालाला भाव नाही. मंदाताईचा पगार आटत गेला. आई, एकीचाच पगार कायम पुढे राहिला तर काय, नियम करताना एवढं तरी धरायचं होतं हो!

गेल्या पगाराला ती भरल्या ताटावरून उठली. "उद्यापासून न्हाय जायची मी. माझी कांडी सरली."

मला रडूच आलं. एका घरात दोघी कमावणाऱ्या आणि एकीने मान खाली घालून जेवायचं?

"ताई, तपासणी शीक," मी म्हटलं.

"डाग दिसल गं मला. पन चिठ्ठीवर आकडं कोन लिवल?"

तिची शाळा तिसरीत सुटलेली. तेव्हापासून रोज मीच भाकऱ्या थापते आणि ती परातीच्या कडेला, कोरड्या पिठात, बोटाने इंग्रजी आकडे काढते. तिचा सहा उलटा पडतो. तो सुलटा करेपर्यंत माझी भाकरी करपते. भावोजी मुकाट्याने खातात.

मुकादम म्हणालाय, "सोमवार से भेज दो, देखते हैं." आज तिने सगळे आकडे न चुकता काढले आणि वर मलाच कोपराने ढकललं, "पुढच्या पगाराला सरक तिकडं. तवा माझा हाय."

शब्द देते आई, ती माझ्या पुढे गेली तरी तोंड वाकडं करणार नाही. तुमच्या पाटावर बसेन आणि तिच्या हातची पहिली भाकरी मागून खाईन, करपलेली असली तरी.

तुमची धाकटी सून,
सुमन