गॅलरीतली गोळ्यांची बाग

बाबा, मला वास येत नाही. दोन वर्षं होतील आता. मोठा ताप आला, आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, कुणाचा वास परत येतो, कुणाचा नाही. सुरुवातीला मी घरात बोललेच नाही. फोडणी खमंग झाली असं कुणी म्हटलं की मीही मान डोलवायचे. मग एका दुपारी चहा उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच सुरू राहिला, आणि मी तिथेच ओट्याकडे पाठ करून मेथी निवडत बसले होते. सून त्या दिवशी ऑफिसातून लवकर आली म्हणून हे लिहायला मी आहे. तिनं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि फरशीवर बसून रडली. संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, तू आता एकटी गॅसपाशी उभी नोको राहू. मी तिकडं ऑफिसात रायतो, मले धसका रायते." त्याचं काही चुकलं नाही. पण जन्मभर कढई हलवलेल्या बाईला सोफ्यावर बसून टीव्ही बघ म्हणणं सोपं, बसणं सोपं नाही. मी ठरवलं, नाक परत आणायचं.

मग मी गॅलरीत बाग लावली. आता आम्ही अमरावतीला राजापेठेत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, खाली दिवसभर गाड्यांची पोंपों. रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडली. भाजीबाजारातल्या जुडीच्या चार काड्या खोवून पुदिना लावला, कोंब फुटलेलं आलं पुरलं, ओव्याचं पान लावलं, गावठी गुलाब लावला. नर्सरीवाल्यानं 'साखरेचं झाड' म्हणून गोड तुळस दिली, तिचं पान चावलं की तोंड गोड होतं. ज्याची वडी होते, गोळी होते नाहीतर गुलकंद होतो तेच झाड आणायचं, असा माझा नेम. सून तिला गोळ्यांची बाग म्हणते. रोज सकाळी मी एकेक पान चुरगाळून नाकाशी धरते आणि त्याचा वास कसा होता ते आठवत उभी राहते. नाकाला पुन्हा शाळेत घाला, असं डॉक्टरांनीच सांगितलंय. मी या वयात पहिलीत बसलेय, रोज नापास होते, पण एक दिवस गैरहजर राहिले नाही.

तुमचं नाक तर कारखान्यानंच खाल्लं. अकोल्याला गोळ्यांच्या त्या कारखान्यात तुम्ही इसेन्सच्या खोलीत कामाला होतात. घरी आलात की आई तुमचा सदरा बाहेरच्या दोरीवर टाकायची, इतका त्याला पेपरमिंटचा दर्प. त्या गोळ्या तुम्ही आम्हाला कधी आणून दिल्या नाहीत. "त्यात निरा रंगच हाय, दुसरं काई नाई," म्हणायचात. सुट्टीच्या दिवशी मात्र अंगणातल्या तेलाच्या डब्यातलं आलं स्वतः उकरायचात. मला ते अजून समोर दिसतं. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही स्टोव्हपुढे उकिडवे बसला आहात, कढईत आलं, साखर, दूध रटरटतंय, तुमचा हात थांबत नाही. आई पाणी भरायला बाहेर गेली की तुम्ही आवाज खाली आणता. "खाली लागल्याचा वास येते का वं तुले? माहं नाक मेलं. मायले नोको सांगू. कारखान्यात समजलं तं मले काढून टाकतीन." एवढं गुपित तुम्ही माझ्या हवाली केलंत. मी पाट ओढून कढईशी बसायचे आणि स्वतःला फार मोठी समजायचे.

पातूरच्या आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही दोन ताटं भरून वड्या करायला घेतल्या. बाहेर मैत्रिणींची लंगडी रंगली होती आणि माझं नाव घेऊन हाका चालल्या होत्या. तुम्ही विचारलंत. वास येत होता, बाबा. चांगला करपट वास येत होता. पण आता पहिल्यापासून सगळं करायचं, पुन्हा आलं किसायचं, म्हणजे माझा खेळ बुडाला. मी "नाही येत" म्हणाले आणि पळाले. दुसऱ्या दिवशी पातूरला भरल्या मांडवात आत्याच्या व्याह्यांनी वडी तोंडात घातली आणि रुमालात काढली. कुणीतरी म्हणालं, "गोळ्यांच्या कारखान्यातला माणूस, अन् वड्या कोळशाच्या." सगळे हसले. तुम्हीही हसलात. परतीच्या एस.टी.त एवढंच बोललात, "तुले कटाळा आला व्हता तं तसं सांगायचं. मी थांबलो असतो." मारलं असतंत तर बरं झालं असतं. त्यानंतरही तुम्ही मलाच विचारत राहिलात. का, ते मला तेव्हा कळलं नाही. दुसरं कुणी नव्हतंच तुम्हाला.

आता माझ्यावर वेळ आली तेव्हा तुमची एकेक खुबी उमगत गेली. नाक मेलं तरी पुदिना आत गार लागतो आणि आलं झोंबतं, तेवढ्यावर माणूस निभावून नेतो. म्हणून तुम्ही जन्मभर आल्याच्या वड्या आणि पुदिन्याच्या गोळ्याच केल्यात. गुलाब असा नाही, तो ना गार ना तिखट. गुलकंदाची बरणी तुम्ही आईवर सोडली होती, आणि मी समजत होते की तुम्हाला गुलकंद आवडत नाही.

मागच्या आठवड्यात मी मुलाला सांगितलं, माझा वास परत आला, गॅस माझ्या ताब्यात दे. तो काही कच्चा नाही. त्यानं माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एकेक पान नाकाशी धरलं. पुदिना ओळखला. आलं ओळखलं. मग काहीच जाणवेना. पण त्याचा हात जरा पुढे आला, ओठाला मऊ पाकळी लागली आणि मी म्हणाले, "गुलाब." त्यानं मला मिठीच मारली. सुनेनं घराची किल्ली सोपवावी तसा गॅसचा लायटर माझ्या हातात ठेवला. दोन दिवस मी राणीसारखी वावरले. तिसऱ्या दिवशी दूध तापत ठेवलं आणि पातेल्यापुढून हलायची हिंमत होईना. घरात नातवंडं झोपलेली. हे नाक परत येईपर्यंत मी झगडणार, त्यात बदल नाही. पण तोवर दुसऱ्याच्या जिवावर खोटं रेटायचं नाही, असं मी तिथेच उभी राहून ठरवलं.

काल सुनेला खरं सांगितलं. ती तिवस्याची, बोलायला मवाळ. मी म्हटलं, "मी स्वयंपाकघर सोडणार नाही, पण तू घरी असशील तेव्हाच गॅस लावीन. अन् माझ्यापाशी उभं राहून जे हाय ते सांगायचं. माझं मन राखायचं नाही." मुलाला संध्याकाळी आपण दोघी मिळून सांगू, असं ती म्हणाली. सांगितलं. तो चिडला, मग रविवारी गॅसची सूचना देणारं यंत्र आणतो म्हणाला.

आज सकाळी बादलीतलं आलं उकरलं, माझ्या बागेचं पहिलं. कढई चढवली. सून बाजूला उभी. मिश्रण आळत आलं, कडा सुटायला लागल्या, आणि ती हळूच म्हणाली, "आई, खाली लागलं हाय. वास येऊन राहिला." मी कढई उतरवली, सगळं टाकलं, कढई घासली आणि उरलेलं आलं किसायला घेतलं. दुसऱ्या वड्या चांगल्या झाल्या, असं तीच म्हणाली, म्हणजे झाल्या असतील. हा कागद वाचायला तुम्ही नाही, तो वहीतच राहणार, म्हणून त्यात एक खरं लिहून ठेवते. ती 'लागलं' म्हणाली तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. तिनं खोटं बोलायला हवं होतं, असं मला वाटलं, बाबा.