मंडळाचं खळं

लोणावळा, ४ नोव्हेंबर २०२४

ती. लीलाआक्कास,
गेणूचा शि. सा. न. वि. वि.

खुशाली म्हणशील तर गुडघे जागेवर आहेत, कान मात्र गेले. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसती गिरणी चालल्यासारखी ऐकू येते, म्हणून हा कागद. तुझ्या सत्यमला हसू येईल, येऊ दे.

काल आपल्या भूमिविचार मंडळाची बैठक झाली. मंडळ म्हणजे काय ते तुला ठाऊकच आहे. नवाजभाईंच्या चिक्कीच्या दुकानामागची खोली, भिंतीवर त्या दाढीवाल्या अमेरिकन अर्थशास्त्र्याचा फोटो (गिऱ्हाइकं विचारतात, चिक्की यांनीच काढली का), आणि तीन सभासद. मी, नवाजभाई आणि कधीच न येणारी तू. त्या फोटोतल्या साहेबांचा विचार मी इतकी वर्षं सांगतोय. माणसानं घाम गाळून जमिनीत जे पिकवलं ते त्याचं. पण रस्ता आला, स्टेशन आलं, वस्ती वाढली म्हणून जमिनीचा जो भाव चढला, तो एकट्या मालकाचा नाही, सगळ्या गावाचा. नवाजभाई मान डोलावतात, मग डुलकी घेतात, मग चहा येतो.

काल मात्र खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं पार काउंटरपर्यंत उभी. सगळ्यांनी सभासद व्हायचं म्हणून नावं दिली. आपल्याकडे वर्गणी नाही, अट नाही. जमिनीला दार नसावं म्हणणाऱ्यांनी मंडळाला दार कसं लावायचं, असं मीच एकदा मोठ्या ऐटीत ठरवलं होतं. आक्का, मी तासभर बोललो आणि कुणी डोळा मिटला नाही. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

शेवटी एकानं विचारलं, कान्ह्याच्या स्टेशनाजवळची मंडळाची जागा आज विकली तर काय येईल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी सत्यमची माणसं. तो स्वतः मागे उभा होता, माझ्याकडे न बघता. आपल्या आबांनी मंडळाला दिलेली ती जागा एका बिल्डरला रस्त्यासाठी हवी आहे. आबांची अट होती, आपल्या तिघांच्या सह्यांशिवाय ती विकायची नाही. मी देणार नाही, नवाजभाई देणार नाहीत. तुझं काय, ते कळव.

गुळाची चिक्की वेगळी पाठवतो. दात नसले तरी चघळ, आणि भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गेणू

कान्हे, १२ नोव्हेंबर २०२४

चि. गेणूस,
लीलाचे अ. उ. आशीर्वाद.

मी बोलते तसंच लिवते. तू मास्तर व्हतास म्हणून लाल शाई लावत बसू नगस. चिक्की पोचली. पैली वडी गालात धरली ती सांजच्यापत्तुर तितंच व्हती.

हितं भाताची झोडणी चाललीय. औंदा इंद्रायणी बरी झाली. पन झोडायला खळं कुटं ऱ्हायलंय कुणाला? सगळी मंडळाच्या जागंवर येत्यात. शेजारच्या आक्काबाईची पाळी, मग पायलच्या सासूची, मग आमची.

आता सत्यमचं. तू त्याला लबाड म्हनशील, पन मामा-भाच्याच्या मधी मला घालू नगस. तळेगावचा कारखाना बंद झाल्यापासून पोरगं घरात बसलंय. मंडळाच्या जागंमागं आमचा तुकडा हाय. तिथनं रस्ता मिळाला तर बिल्डर आमचाबी घेतो म्हनला. मग तळेगावला फ्लॅट, हाताला धंदा. सुनबाई प्रेरणा काय बोलत न्हाई, पन मला चहात साखर जास्त घालाय लागलीय, म्हंजे समज.

आन मला इचारतोस काय रं? आबांनी जागा तुझ्या त्या दाढीवाल्याच्या नावानं दिली तवा मला कुनी इचारलं व्हतं? मीबी पोरगीच व्हते की घरातली. आबा नंतर मला म्हनलं, गेणू भाषनाच्या भरात जागा फुकून टाकंल, म्हनून तुझी सही ठेवलीय. बास, एवढंच. एवढी वर्सं मला कुनी हिंग लावून इचारलं न्हाई, आन आता रोज दोघं दोन बाजूनं वढताय. लय कटाळा आलाय बाबा. भांडी घासली की पडून ऱ्हावं वाटतं.

गुडघ्याला एरंडाचं त्याल लाव. तुझ्यावर राग हाय, पन मायेच्या आत हाय.

तुझी आक्का,
लीलाबाई

लोणावळा, १ डिसेंबर २०२४

ती. लीलाआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र छोटं लिहायचं ठरवलंय. बघू.

परवाची सभा झाली. ठराव पास झाला, जागा विकायची. विरोधात मी आणि नवाजभाई, बाकीचे सगळे हात वर. आणि आक्का, हात वर गेले त्याचं मला काही वाटलं नाही. सत्यम उभा राहिला आणि साहेबांचाच विचार बोलला! जमीन अडवून पडीक ठेवणं हा समाजाचा अपराध आहे, मंडळ स्वतःच तो करतंय, असं म्हणाला. शब्द न् शब्द माझे, मीच कधीतरी सुट्टीत त्याला पढवलेले. कान ऐकत नाहीत असं दाखवून खाली बसलो. नवाजभाईंना सगळं कळलं, त्यांनी नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

काल दोघंच बसलो होतो. नवाजभाईंना मोतीबिंदू झालाय. त्यांचा मुलगा अबरार दुकान नव्या पद्धतीचं करणार, मागची खोली त्याला कोठार म्हणून हवी आहे. फोटो कुठे ठेवायचा, असं त्यांनी मला फार अदबीनं विचारलं. मी म्हटलं, पिशवीत घाला. मग आम्ही दोघांनी विक्रीच्या कागदावर सह्या करून टाकल्या.

रागावू नकोस. मी थकलो. आयुष्यभर एक गोष्ट सांगितली आणि ती नेमकी समजली ती उलट्या कामासाठी. आता तूही सही कर. पोराचं भलं होईल, तुला म्हातारपणी लिफ्टचं घर मिळेल. कागद सत्यमच्या हाती पाठवलाय. आबा वर भेटले तर बघून घेऊ.

यापुढे पत्रात गुडघ्यांशिवाय काही विषय नसेल, तरी वाचत जा.

तुझा,
गेणू

कान्हे, ९ डिसेंबर २०२४

चि. गेणूस,
अ. उ. आशीर्वाद.

कागद मिळाला. सत्यमनं पेन पन दिला, टोपन काढून.

मी म्हनलं, आदी जागा डोळ्यानं बघून येते. सई करायची ठरवूनच निघाले व्हते, देवाशपथ. गेले तर झोडणी चाललेली, आन आक्काबाई कडंला पेंढ्याला टेकून बसलेली. तिची पाळी कवाच झाली. मी इचारलं, हितं काय करतीस गं. तर म्हनली, बंगल्यावरनं सुटले, घडीभर बसले. त्यो बंगला तिच्याच इकलेल्या वावरात हाय, ठावं हाय ना तुला? तिथं धुनीभांडी करती. गेटावरचा वॉचमन रोज तिला नाव इचारतो आन पिशवी उघडून बघतो. ज्या बांधावर तिची पोरं खेळली तिथं. हितं मला कोन नाव इचारत न्हाई, असं म्हनली. रडली बिडली न्हाई, दात कोरत म्हनली.

मी तितंच बसले तिच्यापाशी. गेणू, सगळ्या शिवाराला तारा लागल्या. वढ्याला जायची वाट गेली, जळणाला जायची गेली. पोरीबाळींनी, म्हाताऱ्यांनी जाऊन टेकावं अशी एवढीच जागा ऱ्हायलीय. आन सत्यम तिला पडीक म्हनतो! सकाळधरनं सांजच्यापत्तुर माणूस उठत न्हाई तिथनं, पडीक कुटनं आली रं? तू तरी त्याला हे का न्हाई सांगितलंस? का तू कवा झोडणीच्या दिसात आलाच न्हाईस?

मी सई करनार न्हाई. तुझ्या दाढीवाल्यासाठी न्हाई, तुझ्यासाठी तर मुळीच न्हाई, तू मोकळा झालास सई करून. सत्यमला सांगितलं. त्यानं पेनाला टोपन लावलं आन भाईर गेला. मला भ्या वाटतंय. जेवान गेलं न्हाई.

भाऊ म्हनून जवळ ऱ्हा, एवढं मागते.

तुझी आक्का,
लीलाबाई

लोणावळा, १५ डिसेंबर २०२४

ती. लीलाआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र नवाजभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाले, मास्तर, आपण दोघं खोलीत बसून राहिलो.

खरं आहे. झोडणीच्या दिवसांत मी दरवर्षी इथं भाषणाची तयारी करत असे. जागा पडीक नाही, हे मला सत्यमला सांगता आलं नाही, कारण मी ती भरलेली बघितलीच नव्हती. तुझ्यावर सगळं टाकून मी अंग काढून घेतलं, याची लाज वाटते आक्का. आमच्या सह्या परत घेता येतात का ते विचारतोय. नाही आल्या तरी तुझ्या एका सहीवाचून कागद अडतोच.

सत्यम काय म्हणाला? प्रेरणा? तू जेवतेस ना? रविवारी येतो. भाषण आणत नाही. फोटोही आणत नाही, घाबरू नकोस.

माझ्यासाठी भाकरी टाक, आणि रागातला थोडा राग उरवून ठेव, समोर बसून खाईन.

तुझा,
गेणू

कान्हे, १९ डिसेंबर २०२४

चि. गेणूस,
अ. उ. आशीर्वाद.

ये. सकाळच्या गाडीनं ये, दुपारी स्टेशनापासनं ऊन लागतं.

सत्यम आन प्रेरणा मंगळवारी गेली. तळेगावला भाड्यानं खोली घेतली. त्यो भांडला असता तर बरं वाटलं असतं. पाया पडला, गॅसची टाकी बदलून दिली, आन गेला. प्रेरणा दारात रडली. मी न्हाई रडले, नंतर रडले. पोराला रोजगार न्हाई आन आईनं वाट अडवली, असं गाव म्हनतंय. त्याच गावातली मानसं रोज खळ्यावर येत्यात, आन मला बघितलं की जरा सरकून जागा देत्यात. मी बसते. जाऊ कुटं दुसरीकडं?

बरोबर केलं का चुकलं, ते मला इचारू नगस. भात अजून तिघांचाच शिजतो हातनं. उरलेला कुत्र्याला घालते.

लिवायचं एवढंच. समोर ये, मग माया मोजू.

तुझी आक्का,
लीलाबाई

ता. क. नव्या तांदळाची एक पिशवी भरून ठेवलीय. परत लोणावळ्याला जायच्या आदी तळेगावला जाऊन सत्यमला दिऊन ये. मी दिली म्हनून सांगू नगस. न्हाई, सांग.