नवरंगाचा आडोसा

अचलपूर, २१ जून

प्रिय ललित,

नवरंग आलाय! शाळा उघडायच्या आत एकदा जाऊन यावं म्हणून काल चिखलदऱ्याच्या उतारावर आपल्या नाल्यात गेले होते. हिरवी पाठ, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळी पट्टी. एवढा नटूनथटून हा दिवसभर पाचोळा उलटून किडे शोधतो आणि कुणाला दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, तेवढाच काय तो पत्ता. दक्षिणेतून एवढ्या लांब येतो तो फक्त घरटं बांधायला.

आणि घरटं कसलं, काड्यापानांचा गोळा! बाजूला दार, वरून कचऱ्याचा ढीग वाटावा असा. दोन वर्षांपूर्वी आपल्याला नेमकं तेच खुपलं होतं. फोटोत नुसता पालाच दिसतो म्हणून तू कुरकुरलास आणि मी पिशवीतली कात्री काढून दिली. फांद्या छाटल्या, उजेड पडला, फोटो झकास आला. तुला बक्षीस मिळालं, राजापेठेतल्या तुझ्या स्टुडिओत तो दर्शनी भागात लागला. मलाही फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

खोटं मी नंतर बोलले. चौथ्या दिवशी वाटाड्या नत्थुजींबरोबर एकटीच गेले, तर घरटं फाटलेलं, पाचही अंडी गायब. नत्थुजी म्हणाले, "बाई, त्याचा आडोसा काहून काढला तुमी? कावळ्याले घर दिसलं ना!" मान वर करवेना. तुला मात्र महिन्याभराने सांगितलं, पिल्लं उडाली. तू बिचारा तेच फोटोखाली लिहून बसलास.

हे मी कदाचित जन्मभर दडवलं असतं. पण परवा तुझ्या जुलैच्या शिबिराचं पत्रक हातात पडलं. त्याच नाल्यात, वीस जण, सोबत कात्री आणा. ललित, ते शिबिर रद्द कर. तू कर अथवा करू नकोस, रविवारी अमरावतीला पक्षिमित्रांच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगणार आहे. कात्री माझी, खोटंही माझं. तू रागावशील, बोलणं टाकशील. तुझ्याशिवाय मला करमत नाही, तरी सांगणारच. यंदाची जोडी काल पानं वाहून नेत होती. जागा मी पाहिली आहे, आणि ती तुलासुद्धा सांगणार नाही.

तुझीच,
संध्या